विद्यापीठ परिसरातील येत्या हंगामाची व्याख्याने, नाटके आणि प्रदर्शनी : बाहेरच्या माणसाने कसे पोहोचावे?

भरतनगरवासी

मंडळी, नमस्कार.

अमरावती मार्गावरील नागपूर विद्यापीठाच्या महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसरापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर आम्ही राहतो, आणि तरीही तिथे कोणाचे व्याख्यान झाले, कोणत्या विभागाने काय मांडले होते, कोणत्या महाविद्यालयाची एकांकिका गाजली, हे आम्हाला बहुधा दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातूनच कळते. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. विद्यार्थ्यांसाठीचे कार्यक्रम विद्यार्थ्यांना कळले की आयोजकांचे काम झाले, हे समजण्यासारखे आहे. परंतु आता पाऊस ओसरत आला आहे, दसरा-दिवाळीनंतर नागपुरात कार्यक्रमांची रीघ लागते, आणि यंदा तरी वेळेवर पोहोचायचे असे घरात ठरले आहे.

घरातील प्रत्येकाची मागणी वेगळी आहे. यजमानांना नाटक हवे. वसंतराव देशपांडे सभागृहातील व्यावसायिक प्रयोगांना आम्ही तिकीट काढून जातोच, पण महाविद्यालयीन मुलांचे काम पाहण्याची त्यांना अधिक हौस आहे. भाची नववीत शिकते आणि तिला जुनी नाणी व खापरे यांचा नाद लागलेला आहे. अजब बंगला, म्हणजे नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, तिने इतक्या वेळा पाहिला आहे की आता तिथल्या रखवालदारांनाही ती ओळखीची झाली असावी. मला स्वतःला चांगले व्याख्यान ऐकायला आवडते, विषय कोणताही असो, फक्त वक्त्याने कागद वाचून दाखवू नये.

तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे ते असे : ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत विद्यापीठाच्या परिसरात साधारणपणे काय काय होते, बाहेरच्या नागरिकाला तिथे बसू देतात का, आणि तारीख आधी कळण्याचा खात्रीचा मार्ग कोणता? यजमानांना गुडघ्याचा त्रास असल्यामुळे जिन्यांविषयीही कोणी सांगितले तर उपकार होतील.

जुने_कपाट

ताई, ‘विद्यापीठात कार्यक्रम आहे’ एवढ्याच वाक्यावर विसंबून घरातून निघू नका, हे सर्वांत आधी सांगतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ एका कुंपणात मावलेले नाही. जुनी प्रशासकीय इमारत रवींद्रनाथ टागोर मार्गावर महाराजबागेच्या बाजूला आहे, बहुतेक पदव्युत्तर विभाग तुमच्याजवळच्या अमरावती मार्गावरील परिसरात आहेत, ग्रंथालय रामदासपेठेत आहे आणि विधी महाविद्यालय ज्या चौकाला त्याचेच नाव पडले आहे तिथे आहे. त्यामुळे पत्रिकेत ‘दीक्षांत सभागृह’ असे लिहिले असेल तर महाराजबागेकडे जावे लागते आणि ‘गुरुनानक भवन’ असे लिहिले असेल तर अमरावती मार्गाकडे. स्थळाची ओळ सर्वांत बारीक अक्षरात छापण्याची आपल्याकडे परंपराच आहे, आणि प्रमुख पाहुण्यांची पदे वाचता वाचता ती ओळ हमखास सुटते.

संपूर्ण वर्षाचे एकत्रित वेळापत्रक माझ्या पाहण्यात कधी आलेले नाही. मात्र ते जवळजवळ ठरलेले असते, कारण विभाग आपले कार्यक्रम जयंत्या, पुण्यतिथ्या आणि दिनविशेष यांना बांधून घेतात. एकदा हे ध्यानात आले की जाहिरात येण्याची वाट पाहावी लागत नाही. १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन असल्यामुळे त्या सुमारास ग्रंथालयांमध्ये ग्रंथप्रदर्शनी लागतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेची आठवण आणि २६ नोव्हेंबरचा संविधान दिन या दोन तारखांच्या आसपास डॉ. आंबेडकर विचारधारा विभाग, पाली-प्राकृत विभाग आणि विधी शाखा यांच्याकडे लक्ष ठेवावे. नागपुरात या विषयांवर बोलणारे आणि, त्याहून महत्त्वाचे म्हणजे, वाचून येणारे श्रोते दोन्ही मिळतात, म्हणून तिथली प्रश्नोत्तरे व्याख्यानापेक्षाही रंगतात. राष्ट्रसंतांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ चे. त्या दिवसांत ग्रामगीतेवरील विवेचन आणि खंजिरी भजने ऐकायला मिळतात. १४ ते २८ जानेवारी हा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, म्हणजे तो सगळा काळ मराठी विभागाचा. त्याला लागूनच २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन येतो. रामन परिणामाचा शोध १९२८ मध्ये याच दिवशी लागला, म्हणून विज्ञानाचे विभाग आपल्या प्रयोगशाळा आणि मुलांनी केलेली प्रतिकृती-उपकरणे त्या सुमारास लोकांना दाखवतात. नेमक्या त्याच तारखेला कार्यक्रम असेल असे मात्र समजू नका. रविवार, परीक्षा आणि पाहुण्यांची सोय पाहून तो आठवडाभर मागेपुढे होतो.

खात्रीचा मार्ग विचारलात तर तो जुनाच आहे. ज्या विभागात रस असेल तिथे कामाच्या वेळेत एकदा प्रत्यक्ष जावे, सूचनाफलक वाचावा, कार्यालयात नाव आणि दूरध्वनी क्रमांक देऊन ‘बाहेरच्यांसाठी खुला कार्यक्रम असेल तर कृपया कळवा’ असे सांगून यावे. विभागांचे व्हॉट्सअ‍ॅप गट असतात आणि पत्रिका सर्वांत आधी तिथेच पडते. वर्तमानपत्रातील ‘शहरात आज’ या धाटणीचे सदर सकाळी पाहावे, पण त्यात संध्याकाळचाच कार्यक्रम कळतो, परवाचा नाही.

प्रवेशाचे म्हणाल तर विभागीय व्याख्यानातून बाहेरच्या श्रोत्याला उठवल्याचे मी पाहिलेले नाही. उलट मागच्या खुर्च्या भरल्या म्हणून आयोजकांना बरेच वाटते. ओळखपत्र जवळ ठेवावे, फाटकावर विचारले तर विभागाचे नाव सांगावे.

धरमपेठी_स्पष्टवक्ता

जुने_कपाट यांनी सांगितलेल्या तारखा बरोबर आहेत, पण जयंतीच्या दिवशी होणारे व्याख्यान हे बहुधा त्या विभागाचे सर्वांत कमकुवत व्याख्यान असते, असे माझे मत आहे. शहरातील एका संस्थेत अशाच एका प्रसंगी मी अकराच्या कार्यक्रमाला अकराला जाऊन बसलो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मग ज्यांचा परिचय राहून गेला त्यांचा परिचय, आणि मुख्य वक्ता उभा राहिला तेव्हा मागच्या दारातून जेवणाचा वास येऊ लागला होता. त्या बिचाऱ्याने तासाभराचा विषय अगदी थोडक्यात उरकला, आणि आभारप्रदर्शन मात्र यथासांग झाले.

भरतनगरच्या ताईंना वक्त्याने कागद वाचू नये असे वाटते, म्हणून त्यांना वेगळा सल्ला देतो. मोठ्या सभागृहातील उद्घाटने सोडून द्यावीत आणि विभागाच्या वर्गखोलीत होणारी अतिथी-व्याख्याने शोधावीत. बाहेरगावचा एखादा प्राध्यापक शोधप्रबंधाच्या मौखिक परीक्षेसाठी किंवा एखाद्या समितीच्या बैठकीसाठी नागपुरात आला की विभागप्रमुख त्याला दुपारी तासभर मुलांशी बोलायला सांगतात. तिथे मंच नसतो, पुष्पगुच्छ आलाच तर एक असतो, वक्ता फळ्याजवळ उभा राहून बोलतो आणि मध्येच थांबवून प्रश्न विचारले तरी चालते. याची बातमी छापून येत नाही, फलकावर हाताने लिहिलेला कागद लागतो, आणि म्हणूनच जुने_कपाट यांचा ‘प्रत्यक्ष जाऊन या’ हा सल्ला मात्र मला पूर्ण मान्य आहे.

दुसरे, परिसंवाद दोन दिवसांचा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्राला जावे. पहिल्या दिवशीचे मान्यवर तोपर्यंत परतलेले असतात आणि ज्यांना खरोखर विषय काढायचा आहे तेच उरतात. नोंदणी शुल्क असते ते जेवण, पिशवी आणि प्रमाणपत्र यांसाठी. ‘यातले काहीच नको, फक्त ऐकायचे आहे’ असे सांगितल्यावर बहुतेक ठिकाणी मागे बसू देतात.

खापरखुणा

भाची नववीत आहे आणि तिला खापरांचा नाद आहे हे वाचून राहवले नाही. मी या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तिच्यासाठी या हंगामातील महत्त्वाचा आठवडा म्हणजे १९ ते २५ नोव्हेंबर, जागतिक वारसा सप्ताह. प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाकडे त्या दिवसांत चौकशी करावी. या विभागाचे नाव पुरातत्त्वाच्या जगात मोठे आहे. डॉ. शां. भा. देव यांच्या काळात विद्यापीठाने टाकळघाट-खापा आणि माहुरझरी येथे महापाषाणयुगीन शिळावर्तुळांचे, म्हणजे दफनांभोवती रचलेल्या मोठ्या दगडांच्या वर्तुळांचे, उत्खनन केले, १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाबरोबर वैनगंगेकाठच्या पवनीला बौद्ध स्तूपाचे अवशेष उघड केले. माहुरझरीच्या दफनांत घोड्याच्या सांगाड्याबरोबर त्याच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे अलंकार सापडले. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. हे सगळे नागपूरपासून एका दिवसात जाऊन परत येता येईल अशा गावांतले आहे, आणि आपल्याकडील मुले इजिप्तचे पिरॅमिड काढतात पण काटोल मार्गावरच्या जुनापाणीची शिळावर्तुळे त्यांनी पाहिलेली नसतात, याचे मला नेहमी वाईट वाटते.

प्रदर्शनी पाहायची कशी, हे तिला आधी सांगून ठेवा. मुले धावत धावत मूर्ती पाहतात आणि खापरांचे टेबल ओलांडून जातात. खरी गंमत त्या टेबलावर असते. काळ्या-तांबड्या मृद्भांड्याचा तुकडा दिसला तर त्याच्याजवळ थांबावे. आतली बाजू आणि काठ काळा, बाहेरची बाजू तांबडी. आणि जिथे तुकडा तुटला आहे त्या कडेवर दोन्ही रंग एकमेकांत कसे मिसळत जातात ते स्पष्ट दिसते. रंग दिलेला नाही, तो भट्टीत आलेला आहे. भांडे उपडे ठेवून भाजले की आतल्या बाजूस आणि काठाला हवा मिळत नाही, ते काळे पडते. बाहेरच्या बाजूला हवा खेळते, ती तांबडी होते, असे त्याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते. माहुरझरी अकीक आणि कार्नेलियनच्या मण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तो मणी उजेडासमोर धरलेला पाहायला मिळाला तर भोकाकडे पाहावे. अशा कठीण दगडाचे मणी दोन्ही बाजूंनी कोरत आणत, त्यामुळे मध्यावर दोन भोके जिथे भेटतात तिथे बारीकसा खांदा राहिलेला दिसू शकतो. इतक्या वर्षांपूर्वीच्या कारागिराचा नेम किती चुकला हे आपल्याला आज पाहता येते.

ताम्रपटांचे ठसे किंवा छायाचित्रे मांडलेली असतील तर वाकाटक या विदर्भातील प्राचीन राजघराण्याची अक्षरे ओळखायला अगदी सोपी आहेत. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक लहानशी चौकोनी पेटी असते. नागपुरात अध्यापन केलेल्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या लेखांचे संपादन केलेला खंड १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि अजूनही अभ्यासकाला तो उघडावाच लागतो. रामटेकजवळचे नगरधन म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी प्रभावतीगुप्ता हिने तिथून मुलाच्या वतीने राज्य चालवले, आणि अलीकडच्या उत्खननात तिच्या नावाची मातीची मुद्रा तिथे मिळाली. नववीच्या मुलीला ही गोष्ट सांगून मग तो लेख दाखवा.

भूशास्त्र विभागात खनिजे आणि जीवाश्म पाहायला मिळतील, तेही सोडू नका. नागपूरच्या परिसरातील जीवाश्मांची ओळख जगाला करून देणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी होते. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय सर्वांना ठाऊक असते, ही हकिगत फारशी कोणाला ठाऊक नसते. तुमच्या भाचीचा लाडका अजब बंगलाही त्याच वर्षीचा.

तिसरी_घंटा

नाटकाच्या मागणीला कोणीच हात घातला नाही म्हणून लिहीत आहे.

तुमच्या यजमानांना हवे आहे ते युवक महोत्सवात मिळेल. त्याची तारीख दरवर्षी बदलते, परंतु हिवाळी परीक्षा आणि राज्यस्तरावरील ‘इंद्रधनुष्य’ महोत्सव यांच्या बेताने ती ठरते, म्हणून दसऱ्यापासून विद्यार्थी विकास विभागाकडे चौकशी सुरू ठेवावी. आपल्या विद्यापीठाकडे नागपूर, वर्धा, भंडारा आणि गोंदिया हे चार जिल्हे आहेत. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोली तिकडे गेले. तरीही भंडारा-गोंदियाची मुले येतात ती झाडीपट्टीचे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकवेड्या भागाचे, पाणी पिऊनच येतात, आणि मंचावर उभे राहिल्याबरोबर ते कळते. तिथल्याच वडशाच्या नाटक मंडळ्यांची नाटके दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर चालतात. ऑर्गन-तबल्याच्या साथीने नट स्वतः गातो, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत शब्द पोहोचवण्याची सवय त्या मुलांनी लहानपणीच पाहिलेली असते. नागपूर शहरातली मुले दिग्दर्शनात, प्रकाशयोजनेत सरस असतात. आवाजात मात्र त्यांना मागे पडताना मी अनेकदा पाहिले आहे. हे माझे मत आहे, शहरातल्या मित्रांनी रागावू नये.

पाहायला बसण्यापूर्वी नियम माहीत असले तर मजा वाढते. एकांकिकेला ३० मिनिटे मिळतात, प्रहसनाला १०, मूकाभिनयाला ५ आणि नकलेलाही ५. वेळ ओलांडली की गुण जातात, म्हणून विंगेत एक मुलगा घड्याळ धरून उभा असतो आणि त्याचा चेहरा कधीकधी मंचावरच्या नाटकापेक्षा अधिक नाट्यमय असतो. दोन एकांकिकांच्या मधला वेळही उठून जाऊ नये. पुढचा संघ अंधारात नेपथ्य लावतो. बांबू, चादरी, दोन खोके, एक बाज, आणि बघता बघता तिथे घर उभे राहते. यजमानांना नाटकाचे वेड असेल तर त्यांना हे पाहायला नक्की आवडेल.

चित्रकलेचे विभाग सकाळी होतात आणि तिथे प्रेक्षक जवळजवळ नसतातच. स्थळचित्रण, चिकटचित्र, मातीकाम, रांगोळी या प्रत्येकाला अडीच तास असतात. विषय जागेवर जाहीर होतो. मातीकामाच्या खोलीत सुरुवातीला एकदा आणि संपायच्या अर्ध्या तासापूर्वी एकदा डोकावून यावे. मधल्या वेळात मातीच्या गोळ्याचे काय झाले ते पाहून थक्क व्हायला होते. स्पर्धा चालू असताना बोलू नये आणि मुलांच्या मागे उभे राहून सूचना करू नयेत, विशेषतः आपण पालक असलो तर.

विद्यापीठाबाहेर पण त्याच चालीचे पाहायचे असेल तर राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी लक्ष्मीनगरच्या सायंटिफिक सभागृहात पाहावी. हौशी संघ, नाममात्र तिकीट. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन असल्यामुळे त्या आठवड्यातही शहरात काहीतरी असतेच. शास्त्रीय संगीत आणि नृत्यासाठी स्पिक मॅकेच्या कार्यक्रमांवर लक्ष ठेवावे. ही चळवळ १९७७ पासून महाविद्यालयांत विनाशुल्क मैफली करते आणि मोठे कलावंत अगदी दहा फुटांवर बसून गातात.

गुडघ्यांबाबत : मोठ्या सभागृहात मागच्या चढत्या रांगांच्या वाटेला जाऊ नये. अर्धा तास आधी पोहोचून खालच्या बाजूच्या कडेची खुर्ची धरावी, म्हणजे मध्ये उठावे लागले तरी कोणाचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. विभागांतील कार्यक्रम वरच्या मजल्यावर असू शकतात, त्यामुळे कार्यालयात दूरध्वनी करताना मजला विचारून घ्यावा. मेट्रो अमरावती मार्गावरून जात नाही, त्यामुळे पाहुणे येणार असतील तर त्यांना शंकरनगर किंवा एलएडी चौक स्थानकावर उतरून ऑटो करायला सांगावे.

महाराजबाग_सकाळी

विषय विद्यापीठ परिसराचा आहे, पण कृषी महाविद्यालयही एका विद्यापीठाचेच, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे, म्हणून त्याचे नाव इथे घेतो. महाराजबागेला लागून असलेल्या या महाविद्यालयाची शेवंतीची प्रदर्शनी हिवाळ्यात भरते आणि ती पाहायला कोणाचीच ओळख लागत नाही.

शेवंती ही रात्र मोठी होऊ लागल्यावर कळी धरणारी वनस्पती आहे, म्हणूनच ती हिवाळ्यात फुलते. ज्यांनी कुंड्या मांडलेल्या असतात त्यांनी पावसाळ्यात छाटे लावलेले असतात आणि मोठे फूल हवे असेल तर बाजूच्या कळ्या खुडून एका फांदीवर एकच राखलेली असते. हे तिथले माळी आणि विद्यार्थी विचारल्यावर मनापासून सांगतात, आणि जाहीर व्याख्यानांपेक्षा मला त्यांचे पाच मिनिटांचे बोलणे अधिक लक्षात राहते. सकाळी जावे. दुपारनंतर स्वतःचीच छायाचित्रे काढणाऱ्यांच्या गर्दीत फुले दिसत नाहीत. डिसेंबरात विधिमंडळाचे अधिवेशन सुरू असेल तर सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते वळवलेले असतात, तेवढे पाहून निघावे.

भरतनगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. धरमपेठी_स्पष्टवक्ता यांचे वर्णन यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले आणि त्यांनी लगेच विचारले की जेवण चांगले होते का.

ठरले ते असे. नवरात्र संपले की मी स्वतः पुरातत्त्व आणि मराठी या दोन विभागांत जाऊन नाव देऊन येईन, यजमान विद्यार्थी विकास विभागात महोत्सवाची चौकशी करतील. खापरखुणा यांना एकच विचारायचे आहे. भाचीला वस्तूंची चित्रे वहीत काढायची सवय आहे. प्रदर्शनीत तिला तसे बसून काढू देतील का, आणि एखादा तुकडा हातात घेऊन पाहू देण्याची विनंती करणे योग्य ठरेल का?

खापरखुणा

चित्र काढायला सहसा कोणी हरकत घेत नाही, फक्त पेन नको, पेन्सिल न्यावी; वस्तूंच्या जवळ शाई नको हा सगळ्याच संग्रहालयांचा दंडक आहे. वहीबरोबर एक लहान मोजपट्टी द्या आणि प्रत्येक चित्राखाली वस्तूची लांबी, गावाचे नाव आणि मांडणीतला क्रमांक लिहायला सांगा. छायाचित्र काढायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी, अप्रकाशित उत्खननातील वस्तू असतील तर नाही म्हणतात आणि ते रास्तच आहे.

हातात घेण्याची विनंती उद्घाटनाच्या दिवशी करू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुपारी, गर्दी नसताना, टेबलाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला विचारा. मांडलेली वस्तू देणार नाहीत, पण अभ्यासासाठी वेगळे ठेवलेले साधे तुकडे असले तर त्यांतला एखादा दाखवण्याची शक्यता असते. तो दोन्ही हातांनी, टेबलाच्या वरच धरायचा. आणि गावाकडे शेतात सापडलेले एखादे खापर तिच्याकडे असेल तर तेही सोबत न्यावे. कोणत्या गावी, कोणत्या शेतात, नांगरताना की विहीर खणताना सापडले ते कागदावर लिहून सोबत ठेवावे, कारण विभागात तिला पहिला प्रश्न तोच विचारतील.